शाळेतल्या सिस्टरची उजळणी

शाळेत नर्स असलीच तर ती एकटी असते. रुग्णालयात तिच्या शेजारी दुसरी सिस्टर असते, वॉर्डाला इनचार्ज असते, हाक मारली तर निवासी डॉक्टर येतो, आणि प्रसंग आलाच तर 'डॉक्टरांनी लिहून दिलं होतं' असं म्हणायला केसपेपर असतो. शाळेच्या सिक रूममध्ये एक खाट, एक वजनकाटा, एक कुलूपबंद कपाट आणि ती. गणिताच्या तासाला पोटात दुखणारी मुलगी, पाळीमुळे पोटात दुखणारी तिची मैत्रीण आणि खरोखरच अपेंडिक्स सुजलेली तिसरी एकाच सकाळी तिच्या दारात येऊ शकतात. कोणाला लिंबू सरबत द्यायचं, कोणाला गरम पाण्याची पिशवी आणि कोणाच्या आईला ताबडतोब फोन करायचा, हे तिनं तिथल्या तिथे ठरवायचं असतं. तिच्या पुढच्या शिक्षणाचा विचार करताना हे एकटेपण मध्यभागी ठेवलं, तर प्रशिक्षणाच्या नावाखाली आज जे चालतं त्यातलं बरंचसं तिच्या कामाचं नाही, असं दिसतं. जे थोडं कामाचं आहे ते स्वस्त आहे, पण त्याला तास लावून मोजता येत नाही. अडचण तिथेच आहे.

या पेशाचा उगम पाहिला तर गोष्ट लवकर समजते. विसाव्या शतकाच्या तोंडाशी न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर येऊन मुलं तपासत. उवा, खरूज, नायटा किंवा डोळ्यांतल्या खुपऱ्या दिसल्या की मुलाला घरी पाठवत. निदान बरोबर असे, पण पुढे काहीच होत नसे. घरी कोणी औषध लावत नसे आणि मूल रस्त्यावर खेळत राही. हेन्री स्ट्रीट वस्तीत काम करणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी १९०२ च्या ऑक्टोबरात लिना रॉजर्स ही आपली नर्स महिनाभरासाठी प्रयोग म्हणून दिली. तिच्या वाट्याला चार शाळा आणि सुमारे १० हजार मुलं आली. तिनं शाळेतच औषध लावायला सुरुवात केली आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना ते कसं लावायचं ते दाखवलं. सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून १०,५६७ मुलं आजारामुळे घरी पाठवली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात हा आकडा १,१०१ वर आला. तोवर महापालिकेनं आणखी नर्स नेमल्या होत्या. रॉजर्स पुढे टोरांटोला गेल्या आणि १९१७ मध्ये त्यांनी शाळेतल्या नर्सच्या कामावर पुस्तक लिहिलं. नव्याने नेमल्या जाणाऱ्या बायकांना काय शिकवायचं, हा प्रश्न त्यांना पहिल्याच दशकात पडला होता.

जपानची सुरुवातही खुपऱ्यांमुळेच झाली, १९०५ च्या सुमारास गिफू प्रांतात. आपल्याकडे १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाल्याची नोंद सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत आहे. सयाजीरावांच्या संस्थानाला हे शोभण्यासारखंच होतं. पण नीट पाहा: न्यूयॉर्कची कहाणी तपासणी अपुरी पडते इथून सुरू होते आणि आपली तपासणीपाशीच सुरू होते. १९४६ च्या भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असं आढळलं. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. कागद उत्तम होते. वर्षातून एकदा गाडी येते, मुलं रांगेत उभी राहतात, रजिस्टर भरतं, गाडी जाते, हा शिरस्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

बाहेरच्या देशांत या नर्सच्या शिक्षणाची घडी तीन तऱ्हांनी बसली आहे. तिन्हींकडून घेण्यासारखं आहे आणि टाळण्यासारखंही.

अमेरिकेत राज्यागणिक वेगळा कारभार. कॅलिफोर्नियात नोंदणीकृत नर्सला दर दोन वर्षांनी ३० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, शिवाय शाळेत काम करायला शिक्षकांसारखं वेगळं अर्हतापत्र लागतं. कोलोरॅडोत परवान्याच्या नूतनीकरणाला तासांची अटच नाही. शाळेतल्या नर्सची राष्ट्रीय संघटना १९६८ मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतला एक विभाग म्हणून सुरू झाली आणि नंतर स्वतंत्र झाली. या नर्ससाठी खास परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारं वेगळं मंडळ आहे आणि ते प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये प्रत्येक शाळेत एक पूर्णवेळ नोंदणीकृत नर्स हवी अशी भूमिका घेतली. त्याआधी साडेसातशे मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलं जाई. आजही तिथे तीन-चार शाळांत फिरणाऱ्या नर्स पुष्कळ आहेत. अशा नर्सचं अर्धं कौशल्य स्वतः उपचार करण्यात नसतं, ते शाळेच्या कारकुनाला आणि शिक्षकाला शिकवण्यात असतं. तिच्या अभ्यासक्रमांत 'दुसऱ्याला कसं शिकवावं' हा भाग ठळक दिसतो, तो यामुळेच.

इंग्लंडनं वेगळी वाट धरली. तिथे नर्स झाल्यावर साधारण वर्षभराचा समाजारोग्याचा विशेष अभ्यासक्रम करून मगच 'स्कूल नर्स' म्हणून वेगळी नोंद होते. त्याशिवाय एप्रिल २०१६ पासून प्रत्येक नर्सला दर तीन वर्षांनी आपली नोंदणी नव्यानं सिद्ध करावी लागते. त्यासाठी ४५० तास प्रत्यक्ष काम आणि ३५ तास शिक्षण लागतं. त्या ३५ पैकी किमान २० तास इतरांसोबत बसून, चर्चा करून झालेले असायला हवेत. आणि मग जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: पाच लेखी टिपणं. आपल्या कामात काय घडलं, आपण काय केलं, पुन्हा तसं झालं तर वेगळं काय करू, हे लिहायचं आणि दुसऱ्या नोंदणीकृत नर्ससमोर बसून बोलायचं. ज्या बाईला दिवसभर सहकारी नाही, तिला निदान तीन वर्षांतून एकदा तरी तिचं काम समजणारं कोणी ऐकतं. एवढी चांगली रचना असूनही इंग्लंडमध्ये २०१० नंतरच्या दशकात शाळेतल्या नर्सची संख्या सुमारे एक तृतीयांशानं घसरली. २०१३ पासून ही सेवा स्थानिक प्रशासनांच्या गळ्यात पडली आणि त्यांची अंदाजपत्रकं आटत गेली. शिकलेली माणसं तयार होती, जागाच उरल्या नाहीत.

जपानमध्ये ही व्यक्ती मुळात नर्स म्हणून मोजलीच जात नाही. ती शिक्षिका आहे, आरोग्य सांभाळणारी शिक्षिका. शिक्षकांच्या खोलीत तिचं टेबल असतं आणि जवळपास प्रत्येक शाळेत तिची आरोग्य-खोली असते. भांडण झालेली, रात्री न झोपलेली, वर्गात जायचंच नाही असं म्हणणारी मुलं तिथे येऊन बसतात. २००९ मध्ये जपाननं सगळ्या शिक्षकांना, म्हणजे हिलाही, दर दहा वर्षांनी ३० तासांचे वर्ग करून परवाना नवा करण्याची सक्ती केली. सुट्टीत विद्यापीठात जायचं, फी स्वतः भरायची, व्याख्यानं ऐकायची. वैताग इतका वाढला की २०२२ मध्ये सरकारनं ती पद्धत मोडीत काढली. तास मोजण्याच्या हौसेला मिळालेलं इतकं स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आपण आता नेमके तासांच्याच वाटेवर आहोत. भारतीय परिचर्या परिषदेच्या धोरणानुसार नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३०, निरंतर शिक्षणाचे दाखवायचे असतात. सगळे त्याला 'सीएनई' म्हणतात. तत्त्व म्हणून त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. प्रत्यक्षात एखाद्या नर्सिंग कॉलेजचं किंवा मोठ्या रुग्णालयाचं सभागृह असतं. दीपप्रज्वलन होतं, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत होतं, मग स्लाइडवर स्लाइड: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची काळजी, जखमेतला जंतुसंसर्ग, गुणवत्ता मानांकन, प्रसूतीतला रक्तस्राव. चहा, फोटो, प्रमाणपत्र, अमुक इतके क्रेडिट. शाळेतल्या सिस्टरनं यातलं काय घरी न्यायचं? तिच्या शाळेत व्हेंटिलेटर नाही. रुग्णालयातल्या नर्सला ऑन-ड्युटी पाठवतात, हिला रजा टाकावी लागते, कारण तिच्या जागी उभं राहायला दुसरं कोणी नाही. नोंदणी फी, एसटीचं भाडं, रजेचा पगार सगळं तिच्याच खिशातून. परिषदेनं नर्ससाठी जे वर्षभराचे विशेष पदविका अभ्यासक्रम आखले आहेत त्यांत अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, मूत्रपिंड, मानसिक आरोग्य असं बरंच आहे, शाळा मात्र नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात समाजारोग्याच्या विषयात 'शालेय आरोग्य' हे प्रकरण येतं, परीक्षेत त्यावर टिपा लिहा असा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

१९४७ चा जुना कायदा रद्द करून २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. नव्या आयोगाला अभ्यासक्रमांची नव्यानं मांडणी करण्याची संधी आहे. पण शाळेतल्या नर्सच्या बाजूनं बोलणार कोण? महाराष्ट्राच्या सरकारी शाळांत तसं पदच नाही. तिचं काम चार-पाच जणांत वाटलं गेलं आहे, आणि प्रशिक्षणाचा प्रश्न सोडवायचा तर आधी या सगळ्यांकडे पाहायला हवं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला सुरू झाला. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम किंवा स्टाफ नर्स. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मजात व्यंगं, जीवनसत्त्वांच्या आणि रक्ताच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर अशा तीसेक स्थितींसाठी शून्य ते अठरा वयाची मुलं तपासायची आणि गरज असेल त्यांना जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवायचं. या पथकांनी हृदयाला भोक असलेली, ओठ-टाळू दुभंगलेली कितीतरी मुलं शोधून शस्त्रक्रियेपर्यंत नेली आहेत. त्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण पथकातली सिस्टर कंत्राटी आहे. प्रशिक्षण घेऊन तिचा हात बसतो आणि जिल्हा परिषदेत किंवा दुसरीकडे कायम जागा मिळाली की ती जाते. नवीन येते, ती पुढच्या प्रशिक्षणाची तारीख येईपर्यंत जुन्या सहकाऱ्याचं पाहून शिकते.

पाहून शिकण्यात चुकाही जशाच्या तशा पुढे जातात. डोळ्यांची तपासणी घ्या. तक्ता सहा मीटरवर हवा. वर्गखोली लहान म्हणून तो चार मीटरवर टांगला जातो आणि नंबर असलेलं मूल 'नॉर्मल' ठरतं. तक्ता खिडकीशेजारी लावला तर उजेड मुलाच्या डोळ्यांवर येतो. एक डोळा झाकायला सांगितला की मुलं बोटं ठेवतात आणि फटीतून बघतात. तळवा खोलगट करून ठेवायचा, डोळ्यावर दाबायचा नाही. रांगेतली मुलं पुढच्याचं ऐकून शेवटची ओळ पाठ करतात, म्हणून रांग तक्त्याकडे पाठ करून उभी करायची किंवा ओळ उलटी वाचायला सांगायची. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर बराचसा सुधारतो, नंतर कठीण होतं. म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाच्या बाबतीत ही चूक वर्षभरानं दुरुस्त होण्यासारखी नाही. अर्ध्या दिवसात, खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांवर हे शिकवता येतं. सभागृहात येत नाही.

आश्रमशाळांचा प्रश्न आणखी वेगळा. शासकीय आणि अनुदानित मिळून राज्यात हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत आणि तिथे रात्र असते. दिवसा शिक्षक असतात. रात्री दोन वाजता ताप भरलेल्या मुलीजवळ स्त्री अधीक्षिका असते आणि प्राथमिक आरोग्य केंद्र कित्येक किलोमीटरवर. या शाळांतल्या मृत्यूंची कारणं शोधायला राज्याला माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली होती. नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासणीचे आकडे वाढले, मुलांच्या हातात कार्डं आली. पण कार्ड असलेल्या मुलाला ताप आला तर तो इतर मुलांच्या तापासारखा 'पॅरासिटामॉल देऊन सकाळी बघू' असा नाही, त्याला त्याच रात्री हलवायचं असतं, हे अधीक्षिकेला कोणी सांगितलं आहे का? थंडीत पाय दुखतात म्हणणारं मूल कामचुकार नसतं. त्याला पाणी, ऊब आणि वेदनाशामक लागतं. साप चावला तर आवळपट्टी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेल्या केंद्रात थेट जायचं. हे साधं वाटतं, पण भगताकडे नेण्याचा आग्रह धरणारे पालक दारात उभे असताना ते करून दाखवणं साधं नाही. तिथे कोणते शब्द वापरायचे याचाही सराव लागतो, आणि तो पावरी, गोंडी बोलणाऱ्या माणसांसमोर करावा लागतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं आणलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमानं प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना 'आरोग्य दूत' केलं. अकरा विषय, आठवड्याला एक तास. शिक्षकांवर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं लादलेलं असताना हेही, अशी कुरकुर झाली आणि ती खोटी नव्हती. तरी मी या कल्पनेला नाक मुरडणार नाही. जपानची आरोग्य-शिक्षिका हा त्याचाच पिकलेला नमुना आहे. पण तिला चार वर्षांचं शिक्षण असतं आणि दुसरा विषय शिकवायचा नसतो. आपल्याकडच्या दूताला शिकवायला तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जो येतो, तोही बहुधा कालच शिकून आलेला असतो.

आता शहरातल्या खासगी शाळांकडे वळू, कारण महाराष्ट्रात पगारपत्रकावर 'स्कूल नर्स' अशी नोंद असलेली बाई मुख्यतः तिथेच सापडते. मुलं तिला 'सिस्टर' किंवा 'नर्स टीचर' म्हणतात. ती जीएनएम असते, एएनएम असते, कधी कधी नुसता प्रथमोपचाराचा कोर्स केलेली मावशीही असते. पट्टी बांधणं आणि पालकांना फोन करणं यापलीकडे स्नेहसंमेलनाला सेफ्टी पिना पुरवणं, सहलीबरोबर लोणावळ्याला जाणं, शिक्षिका नसली तर वर्गावर बसणं हेही तिचंच. संस्थाचालकांना ती खर्चाची बाब वाटते, पालकांना माहितीपत्रकातली सोय वाटते.

याच शाळांत गेल्या काही वर्षांत दीर्घ आजार असलेली मुलं वाढली आहेत, किंवा आता लपवली जात नाहीत. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाला मधल्या सुट्टीत इन्सुलिन घ्यायचं असतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं शाळांसाठीचा आपला प्रकल्प दशकभरापूर्वी सुरू केला तेव्हा पहिल्या दोन देशांत ब्राझीलबरोबर भारत होता. पुढे सीबीएसईनं अशा मुलांना परीक्षेला खाऊ आणि गोळ्या जवळ ठेवू दिल्या. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानंही २०२३ मध्ये शाळांनी त्यांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं असं कळवलं. नियम असे सुटे सुटे आले. मूल घामाघूम झालं, बोलणं अडखळू लागलं, तर आधी पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी आणि ते शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, एवढं सिस्टरच्या आणि पीटीच्या सरांच्या हाडात मुरायला हवं. पीटीचे सर यासाठी की साखर बहुधा मैदानावरच उतरते.

दम्याचंही तसंच. पंप आहे, पण स्पेसर नाही, आणि पंप तोंडात धरून दाबला की औषध टाळूला लागतं. दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला भोक पाडून केलेला स्पेसर दम्याच्या झटक्यात बाजारातल्या स्पेसरइतकाच चालतो. इंग्लंडनं २०१४ पासून शाळांना तातडीचा पंप बाळगू दिला आणि २०१७ पासून तीव्र अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रेनलिनची तयार पेनंही. आपल्याकडे ती पेनं सहज मिळत नाहीत. मग काय उरतं? काचेचं अँप्यूल. एक मिलीलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. काजूकतली खाऊन ओठ सुजलेलं, घशातून शिटी वाजणारं मूल समोर, चाळीस मुलांचा घोळका दारात, मुख्याध्यापिका 'काय झालं, काय झालं' विचारत मागे, आणि हाताला कंप. अशा वेळी अँप्यूलची मान मोडून एक मिलिच्या सिरिंजमध्ये बरोबर दोन दशांश ओढणं हे ज्यानं सहा महिन्यांत एकदाही केलेलं नाही त्याला जमेलच असं नाही. बहुतेकींचा हात सवयीनं एव्हिलकडे जातो. एव्हिलनं खाज कमी होते. श्वासाची वाट उघडत नाही.

कौशल्य किती दिवस टिकतं यावर बराच अभ्यास झाला आहे. हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचा हात काही महिन्यांतच ढिला पडू लागतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड मात्र दोन वर्षं चालतं. संस्थेनं स्वतःच पुढे थोडा थोडा पण वारंवार सराव सुचवला. बाळंतपणाच्या सेवेत काम करणाऱ्या संस्थांनीही हाच धडा घेतला: वर्षातून पाच दिवस वर्गात बसण्यापेक्षा कामाच्या जागी महिन्याला वीस मिनिटं बरी. शाळेतल्या नर्सला हे अधिकच लागू, कारण वॉर्डातली नर्स रोजच्या कामातच सराव करते, हिच्याकडे तसा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही आणि आला की मदतीला कोणी नसतं.

प्रशिक्षणानं न सुटणारा एक प्रश्न इथे आहे आणि तो टाळून चालणार नाही. ते अ‍ॅड्रेनलिन तिनं कोणाच्या आदेशानं द्यायचं? आपल्याकडे नर्स डॉक्टरच्या लेखी आदेशावर औषध देते. समाजारोग्याच्या पुस्तकांत 'स्थायी आदेश' ही व्यवस्था आहे: अमुक लक्षणं दिसली तर अमुक औषध अमुक मात्रेत, खाली डॉक्टरची सही आणि तारीख. मी ज्या सिस्टरांशी बोललो त्यांतल्या बहुतेकींच्या कपाटात असा कागद नव्हता. शाळेला एक 'मानद डॉक्टर' असतात, ते वार्षिक तपासणीला येतात. त्यांच्याकडून चार पानांचे स्थायी आदेश लिहून घेऊन दरवर्षी जूनमध्ये सही करून घेणं हे कोणत्याही कार्यशाळेपेक्षा आधी व्हायला हवं. नाहीतर शिकलेली सिस्टरही ऐन वेळी हात आखडता घेईल, आणि तिला दोष देता येणार नाही.

आणखी एक क्षेत्र असं आहे जिथे सिस्टर बहुतेकदा सगळ्यांत आधी पोचते. पूर्ण बाह्यांचा शर्ट उन्हाळ्यातही न काढणारा नववीतला मुलगा, आणि कोपराखालच्या समांतर खुणा. दर मंगळवारी, म्हणजे एका ठरावीक शिकवणीच्या दिवशीच, पोटात दुखणारी मुलगी. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक अत्याचाराचा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर शाळांत कॅमेरे आणि चारित्र्य पडताळणी यांवर भर आला. पण मुलीनं तोंड उघडलंच तर पहिलं वाक्य काय बोलायचं, काय विचारायचं नाही, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून तिची उलटतपासणी का करायची नाही, कागदावर तिचेच शब्द कसे उतरवायचे, हे कॅमेरा शिकवत नाही. इथे स्लाइड कुचकामाच्या आहेत. दोघींनी समोरासमोर बसून, एकीनं मुलगी होऊन, सराव करायचा असतो. पहिल्यांदा सगळ्या हसतात. दुसऱ्या फेरीला खोली शांत होते.

एकट्या नर्सला जोडून घेण्याचा एक उपाय भारतीय वंशाच्या डॉक्टरनंच काढलेला आहे. न्यू मेक्सिकोतल्या संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस-सी साठी 'एको' सुरू केला: दूरच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी ठरल्या वेळी पडद्यावर जमायचं, एकानं आपला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी आणि इतरांनी त्यावर बोलायचं. अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेतल्या नर्ससाठीही असे गट चालतात. भारतात ही पद्धत आरोग्य खात्याला अनोळखी नाही. पुणे किंवा नाशिक जिल्ह्यातल्या शाळांच्या सिस्टर, बाल स्वास्थ्य पथकांतल्या एएनएम आणि आश्रमशाळांच्या अधीक्षिका महिन्यातून एकदा तासभर अशा जमल्या तर काय लागेल? मोबाइल त्यांच्याकडे आहे. एक बालरोगतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि मराठीतून चाललेलं बोलणं. मराठी महत्त्वाची, कारण एएनएमचं शिक्षण मराठीत झालेलं असतं आणि हातात पडणाऱ्या पुस्तिका इंग्रजीत असतात. सिस्टर त्या कपाटात नीट जपून ठेवते. सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचीही आता रेलचेल आहे, पण बहुसंख्य ठिकाणी व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडली जाते आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवलं जातं. हे आळशीपणाचं लक्षण नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे तो विचारायची सोय त्यात नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. प्रशिक्षणं मे महिन्याच्या सुट्टीत किंवा आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये उरकली जातात. दोन्ही वेळा चुकीच्या आहेत. जूनच्या मध्याला शाळा उघडते, विदर्भात थोडी उशिरा. नव्या मुलांचे आरोग्य-अर्ज हाती यायला महिना जातो. कोणाला फिट्स येतात, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे हे जुलैच्या मध्याला कळतं. सरावाची वेळ ती, आपल्या शाळेतल्या खऱ्या नावांसह. सिस्टर, पीटीचे सर, बसमधल्या मावशी, लेखनिक, पहारेकरी सगळे मैदानावर. एका मुलानं मधुमेहाचं सोंग आणायचं, घड्याळ लावायचं, १०८ ला कोण फोन करणार आणि पत्ता सांगताना जवळची खूण कोणती देणार ते ठरवायचं, रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येणार ते पाहायचं. असं एकदा केलं की कळतं: मागचं मोठं फाटक दुपारी कुलूपबंद असतं, किल्ली ट्रस्टींच्या ड्रायव्हरकडे असते, आणि सिक रूमच्या कपाटातलं ग्लुकोज गेल्या दिवाळीत संपलेलं आहे. ही यादी त्याच दिवशी लिहून मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवायची आणि ऑक्टोबरात परीक्षेआधी पुन्हा फेरी घ्यायची. परिषदेनं अशा एका फेरीचे दोन क्रेडिट तास मोजायचं ठरवलं, तर पाच वर्षांचे १५० भरायला सिस्टरला रजा टाकून कुठल्या सभागृहात निदान इतक्या वेळा तरी जावं लागणार नाही.